केवळाबाईची शेळी

फाट्यापासून देवळापर्यंत म्हाताऱ्या माणसांना नेणारी बॅटरीची गाडी दसरा झाल्यापासून चार्जच होईना. ती चालवणाऱ्या भागवतनं वायर उलटीपालटी करून पाहिली, शेजारी बांधलेली केवळाबाईची शेळी पाहिली आणि चार माणसांत बोलून मोकळा झाला, "मावशी, तुमच्या शेळीनंच वायर चावली. देवाच्या गाडीचं वाटोळं केलं."

केवळाबाईनं शेळी सोडली आणि घराकडं नेली. तिची ती एकच शेळी होती.

बाजाराच्या दिवशी परभणीहून मिस्त्री आला. वायर धड निघाली. मग त्यानं चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं लाल राड उकरून भागवतच्या तळहातावर ठेवली.

"कुंकू हाय हे. त्यात नारळाचं पाणी. पूजा कुनी केल्ती?"

भागवतनं मूठ मिटली. सगळी ताकद तिथूनच येते म्हणून दसऱ्याला त्यानंच त्या भोकाला मन लावून कुंकू लावलं होतं, नारळ फोडून वर पाणीही शिंपडलं होतं.

तेवढ्यात ताडकळसच्या बाजारातून केवळाबाई परत आली. हातात नुसतं दावं होतं.



"भागवता, लाव आता गाडी चार्जिंगला. शेळी इकून आले."