मलकपेठचं वळण
अभिजीतच्या कंपनीचा मोटारशर्यतीचा गेम पुढच्या महिन्यात बाजारात येणार होता. त्यात त्याने मलकपेठचं ते वळण हुबेहूब बनवलं होतं. पंच्याण्णव साली नव्या गाडीच्या पहिल्याच फेरीत त्याचे बाबा तिथेच अपघातात गेले. वेगाचा काटा साठवर अडकलेला. “मस्ती नडली,” म्हणाले सगळे. मीसुद्धा, इतकी वर्षं. आज अभिजीतने मला ऑफिसात बोलावून तीच गाडी, त्याच वेगाने, पडद्यावरच्या त्या वळणावर घातली. ब्रेक दाबताच ती अलगद वळली. दहा वेळा घातली, दहाही वेळा वळली. “बघ आई, बाबांची चूक नव्हती! पण मग त्यांचा ब्रेक का दाबला गेला नाही?” पोलिसांनी परत दिलेल्या सामानात पूजेचा नारळ होता, न फुटलेला. निघताना ह्यांनी तो समोर काचेपाशी ठेवलेला. वळणावर घरंगळेल म्हणून मीच उचलून ह्यांच्या पायांशी ठेवला होता.