झिजलेला अंगठा

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या साली आखातात कासमचा पासपोर्ट संपला. नवा झाल्याखेरीज विमान नाही, आणि गावी आई अंथरुणाला खिळलेली.

जुन्या पासपोर्टवर अंगठा होता. पन्नाशीत खोलीतल्या सोबत्याकडून अक्षरं शिकलेल्या कासमने नव्या अर्जावर ऐटीत सही केली.

“चाचा, तिथं अंगठा, इथं सही! माणूस एकच कशावरून? चौकशी होणार,” वकिलातीतला कारकून म्हणाला.

कासमने हात जोडले. “चूक झाली साहेब, शिकलो! खोडा ती सही, अंगठा घ्या. आई वाट बघतेय हो!”

कारकुनाने तीनदा अंगठा घेतला. वीस वर्षं सिमेंट कालवून झिजलेल्या रेषा उमटेचनात. कागद चौकशीला गेले.

पासपोर्ट पुढच्या महिन्यात शुक्रवारी मिळाला. आई त्याआधीच्या मंगळवारी वारली.