कव्हरवरचं नाव

अश्विनचा रॉकचा अल्बम आला आणि गोंदियाला वेडच लागलं. ऑटोत तोच, पानठेल्यावर तोच. सेवकराम फुलचूरला भाड्याची खोली बघायला गेला, तर घरमालकाच्या बैठकीतही तोच गात होता.

"आपल्या गोंदियाचा पोट्टा आहे, भाऊ!" घरमालक सीडीचं कव्हर नाचवत म्हणाला. कव्हरवर गिटार, लांब केस आणि खाली नुसतं नाव, अश्विन. "पुऱ्या देशात नाव केलं त्यानं. गोंदियाले आला तं माह्याच घरी ठेवीन त्याले!"

सेवकराम गालातल्या गालात हसला. खोली पसंत पडली. आत चहाही टाकला गेला.

"तुमचं आडनाव नाही सांगितलं?"

"गजभिये."

घरमालकाला एकदम आठवलं, की खोली भाच्यासाठी ठेवली आहे. चहा आतच राहिला. सेवकरामनं चपला घातल्या तेव्हा मागं गाण्याचा आवाज मात्र वाढला होता.

फाटकाबाहेर येताच मुंबईहून पोराचा फोन आला. "बाबा, भेटली का जागा?"



"मले नाही भेटली, अश्विन. तुह्या आवाजाले भेटली."