पडद्यावरचे बाबा

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: तुमच्या शरीरातल्या सगळ्या पेशी आणि त्यांची आपापसांतली देवाणघेवाण हुबेहूब संगणकात चालू आहे. औषध आधी त्या शरीराला द्यायचं, मगच तुम्हाला.

मिरजेच्या एका इस्पितळात शर्वरी अशाच पडद्यापुढे बसली होती. पडद्यावर यकृताच्या आजाराने खंगलेल्या तिच्या बाबांचं शरीर होतं. घरात ती दोघंच. डॉक्टर सबनीसांनी उरलेलं शेवटचं औषध त्यात सोडलं. यकृत सुधारलं, पण त्यापायी मूत्रपिंडं थांबली, मग हृदय.

"मग मूत्रपिंडांचंही औषध द्या ना, काका!"

"देऊन पाहिलं, बाळा. फुप्फुसं बंद पडतात. शरीरात एकटं कुणीच नसतं. एकाला हात लावला की सगळी हलतात."

"तुमचं यंत्र चुकत असेल."

"चुकावं असं मलाही फार वाटतं. पण आजवर चुकलेलं नाही. आता त्यांना औषध नको, निदान जास्तीचा त्रास तरी होणार नाही."

शर्वरी वॉर्डात आली. बाबांनी हसून विचारलं, "काय गं, पडद्यावरचा मी काय करतोय? नाचतोय ना?"

"नाचतोय कसला, जेवतोय," ती म्हणाली, आणि पेजेवर फुंकर घालून तिने पहिला चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.