बाणाच्या खुणेची घड्याळं

मालवणहून आलेल्या पेन्शनर सुभेदारसाहेबांनी टेबलावरचं पहिलं घड्याळ उचललं, आणि नाना बागायतदारांची छाती सदऱ्यात मावेना.

पाच घड्याळं. पाचही फौजेतली, पाठीवर बाणाची खूण आणि नंबर असलेली. आचऱ्याच्या आसपासच्या वाड्या पालथ्या घालून, कुणाला हापूसची पेटी, कुणाला म्हशीचं रेडकू देऊन नानांनी ती जमवली होती. स्वतः नाना देवीची लस टोचणाऱ्याला बघून माडावर चढलेले. पण लढाईचं वेड दांडगं. एकोणीसशे सत्तावन सालच्या मे महिन्यात त्यांनी वाचनालयाच्या पडवीत घड्याळांचं प्रदर्शनच मांडलं. टेबल डुगडुगत होतं, म्हणून एका पायाखाली कागदाची घडी सारली.

घड्याळं देणारे पाच वीर अबोलीचे हार घालून खुर्च्यांवर बसले होते. लवूच्या मनगटावर म्हणे गोऱ्या कर्नलने रडत रडत घड्याळ बांधलं होतं. धोंडूने तर तोफेचा गोळा अडवला होता. कशाने, ते त्याने कधी सांगितलं नाही.

गुणाजी त्यांच्याच पलटणीत होता, पण तो महायुद्धातून हात हलवत परतला. घड्याळ नाही म्हणजे लढलाच नाही, भांडी घासत असेल, असं गावाने ठरवून टाकलं. बायको शेवंतीसुद्धा म्हणायची, "लोकांचे घोव घड्याळां घेवन इले. माझो तेवढो रिकामो इलो." बारा वर्षं हे त्याच्या जिवाला लागलं होतं. आज तो सगळ्यांना कोकमचं सरबत वाढत होता.

"बाणाची खूण शूरांनाच देतात ना, साहेब?" नानांनी विचारलं.

"ही खूण सरकारी मालाची," सुभेदार म्हणाले. "नोकरी संपली की घड्याळ जमा करायचं असतं. ज्यांना करायचं नसतं, ते लढाईत हरवलं म्हणून लिहून देतात."

धोंडू हारातली फुलं चाचपू लागला.

"जमा करणाऱ्याला पावती मिळते. पंचवीस वर्षांत ती मी एकदाही पाहिली नाही." असं म्हणून सुभेदारांनी आपली बाही मनगटावर हळूच ओढून घेतली.

नानांचा चेहरा उतरला. "गुणाजी, मी घड्याळ मागूक इललंय, तेव्हा तू माका एक इंग्रजी कागद दिललंस. मी तो वाचूक पण नाय. खंय आसा तो?"

"सकाळी तुमीच टेबलाच्या पायाखाली घातल्यात, नानानू," गुणाजी म्हणाला. "मी बगीत होतंय."

नाना गुडघ्यांवर बसले. घडी ओढताच टेबल कललं आणि पाचही घड्याळं घसरत कडेला आली. सावरायला कुणी पुढे झालं नाही. सुभेदारांनी ती पावती वाचली, उठून गुणाजीला कडक सलाम ठोकला. बाही कोपरापर्यंत सरकली आणि आतलं घड्याळ सगळ्यांना दिसलं.

बायकांत बसलेली शेवंती पुढे आली. तिने नवऱ्याच्या हातातला तांब्या काढून लवूच्या हातात दिला.

"ऊठ," ती म्हणाली. "सरबत आता तू वाढ."