हिसका

दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडीनं असा काही हिसका दिला, की कानसेनचं कपाळ समोरच्या काचेवर आदळता आदळता वाचलं. आणि गडी जाम खूश झाला. चार दिवस त्याच्याशी लपाछपी खेळणारी गाडीची ही खोड आज अखेर त्याच्या देखत सापडली होती. त्यानं स्टिअरिंगवर बसलेल्या मामांना गाडी वळवून पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला सांगितलं.

कानसेन गिअरबॉक्सचा मिस्त्री. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचा, म्हणून हे नाव पडलेलं. गाणारे पुष्कळ मिळतील, असा कान मिळायचा नाही, असं लोक म्हणायचे, आणि तोही कधी नाही म्हणायच्या भानगडीत पडला नाही. पण या वीस वर्षांच्या म्हाताऱ्या ऑटोमॅटिक गाडीनं त्याचं नाक कापायचं ठरवलं होतं. गिअरबॉक्सचं तेल पाहिलं, तर नव्यासारखं लालभडक, जळका वास नावाला नाही. तरी नवीन भरलं. गाळणी बदलली, केबल ताणून बसवली, वायरींचा एकेक जोड उघडून पुसला. स्वतः चालवून पाहिली, तर लोण्यातून सुरी जावी तशी चालली. आणि घरी नेऊन मामा बसले, की दर गिअरला धाडकन हिसका द्यायची. म्हणजे माणूस बघून वागत होती म्हणा ना. शेवटी आज कानसेननं मामांनाच चालवायला बसवलं, मामींना मागं बसवलं आणि गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर तो स्वतः शेजारी बसला. ही अक्कल पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती, पण ती कानातून येत नाही.

मामांनी पस्तीस वर्षं ट्रक हाकलेला. घाटात गिअर कधी बदलायचा ते त्यांना झोपेतून उठवून विचारावं. गेल्या साली अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, हात परत आला, डावा पाय मात्र गेला तो गेलाच. मामी रोज सकाळी तासभर तेल चोळायच्या, पण पायाला त्याचा पत्ताच नसायचा. चप्पल गळून पडली तरी मामांना कळायचं नाही. वर्षभर माणूस खिडकीशी खाट टाकून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना शिव्या घालत बसला होता. मग मुलानं ही गाडी शोधून आणली. हिला क्लच नाही, एका उजव्या पायावर काम भागतं. डॉक्टरांनी होकार दिला आणि मामा पुन्हा माणसांत आले. मामींना घेऊन बाजारात काय जायचे, बहिणीकडे काय जायचे, पायाला चाकं लागल्यासारखे फिरायचे.

पहिला महिना गाडी गुणी लेकरासारखी चालली. मग हिसके सुरू झाले. आधी बारीक, नंतर दिवसागणिक जोरात. मुलगा घाबरला. अशी गाडी बाबांच्या हातात मी देणार नाही, आज बिघाड सापडला नाही तर उद्या सकाळी भंगारवाला येऊन घेऊन जाईल, असं त्यानं ठणकावून सांगितलं. मामांनी त्याच्याशी वाद घातला नाही. कानसेनला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "ही गेली की मी परत खाटेवर."

गाडी वळली. पहिला गिअर गेला, दुसरा आला आणि आलाच हिसका. गंमत म्हणजे गिअरबॉक्सच्या आवाजात खोट नव्हती. कुरकुर नाही, घरघर नाही, गिअर अगदी वेळेवर पडत होता. मध्येच ब्रेक तर लागत नाही ना, असं त्यानं भीत भीत विचारलं, तर मामा भडकलेच. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर आहे, ब्रेक काय कपाळानं दाबू, म्हणाले. पस्तीस वर्षांच्या ड्रायव्हरला असं विचारणं म्हणजे आचाऱ्याला मीठ दाखवणं, हे कानसेनलाही पटलं.

मग त्यानं शेवटचा उपाय केला. पट्टा सोडला, सीटवरून वाकला आणि गिअरबॉक्सजवळच्या पत्र्याला थेट कान लावला. तोंड झालं मामांच्या पायांकडे. गाडी सुटली. पहिला. दुसरा. हिसका.

कानसेन तसाच वाकलेला राहिला. मग त्याच स्थितीतून त्यानं आणखी एकदा घ्यायला सांगितलं, आणि त्याचा आवाज इतका बदलला होता की मामांनी मुकाट्यानं घेतली. तिसऱ्यावर जाताना पुन्हा तेच. कानसेन उठून बसला. आपण पाहिलं ते खरं की खोटं, हे विचारायला त्याला आणखी एक डोळ्यांची जोडी हवी होती. त्यानं मामींना दोन सीटांच्या मधून वाकून खाली बघायला सांगितलं आणि मामांना अजून एक फेरी मारायला लावली. मामींनी पाहिलं. त्यांनी तोंडावर हात धरला.

मामांनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते. वाईट बातमी ऐकायची तयारी करून त्यांनी गिअरबॉक्स पार गेला का, म्हणून विचारलं.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," कानसेन म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते. "मामा, तुम्ही दर गिअरला क्लच दाबताय."

"शुद्धीवर आहेस ना? या गाडीला क्लच आहे कुठं?"

"नाही. पण क्लचच्या जागेपर्यंत ब्रेकचं रुंद पेडल आलंय. तेच दाबलं जातंय."

"कशानं?"

"अहो, डाव्या पायानं," मागून मामी म्हणाल्या.