हिरवं पाकीट

नवे व्यवस्थापक च्वांग यांनी शिंचू शहरातल्या उपग्रह नियंत्रण कक्षात येताच यंत्रावरचं खाऊचं हिरवं पाकीट उचलून कचऱ्यात टाकलं. "यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून खाऊ? उपग्रह चालवता की देऊळ?"

दुपारी अध्यक्ष उपग्रहाचा संदेश पाहायला येणार होते आणि पडदा कोराच होता.

"साहेब, ते पाकीट..." वरिष्ठ अभियंता शू-फेन हळूच म्हणाली.

च्वांग धापा टाकत दुकानातून पाकीट घेऊन आले.

"अहो, हे पिवळं! पिवळ्यानं यंत्र आणखी रुसतं. हिरवंच लागतं."

ते पुन्हा पळाले. तसा शू-फेनच्या हाताखालचा तंत्रज्ञ त्से-हान कुजबुजला, "ताई, सैल वायर तर मगाशीच सापडली. आता तरी लावू?"

"साहेबांनी स्वतःच्या हातानं पाकीट ठेवलं, की लगेच लाव."